तीन छावण्यांचा सुभेदार

आधीच सांगून टाकते, मी सुभेदाराला अरेतुरे करणार आहे. ज्याला राग येईल त्यानं पान उलटावं.

परवा लोहाऱ्याची काही मंडळी घरी आली होती. सुभेदार रंगराव भोईटे यांचं नाव चौकाला द्यायचं ठरलंय, त्यानिमित्त स्मरणिका काढतोय, तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय, तर चार शब्द लिहून द्या, असं म्हणाली. मी चहा टाकला. म्हटलं, देते की, पण चारात भागायचं नाही आणि गोडही निघायचे नाहीत. मंडळी हसली. शाळेतून रिटायर झालेली बाई, जरा तिरसट असणारच, असं वाटलं असेल त्यांना. तर घ्या, लिहिते. छापायची छाती झाली तर छापा, नाहीतर बंब पेटवायला वापरा.

इंग्रज गेला तेव्हा साऱ्या देशात झेंडे लागले आणि आमच्या मुलखात निजामच राहिला. त्याचे हत्यारबंद लोक गावोगाव फिरायचे. आमचं लोहाऱ्याजवळ किराणा दुकान होतं, ते त्यांनी भरदिवसा लुटलं आणि जाताना गुळाच्या ढेपा विहिरीत टाकल्या. त्याच आठवड्यात अव्वा, म्हणजे माझी आई, थोरला भाऊ शिवलिंगअण्णा आणि मी, असे आम्ही तिघं हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला मावशीच्या गावी आलो. अप्पा, म्हणजे वडील, आधीच वारले होते. त्या गावाबाहेर चिंचेच्या बनात आमच्यासारख्या लोकांच्या छावण्या पडल्या होत्या. निजामाच्या हद्दीत शिरायचं, त्याच्या नाक्यांवर छापे घालायचे आणि परत यायचं, असं चाललेलं होतं.

छावण्या तीन. एक आमच्या लोहाऱ्याकडच्या शेतकऱ्यांची आणि दुकानदारांची, त्यात निम्मे घरी कानडी बोलणारे. तिचा म्होरक्या अण्णा. दुसरी धाराशिवची, मास्तर, कारकून आणि शिकलेली माणसं, त्यांचे पुढारी नाना वकील. तिसरी भूम-परांड्याकडची, बालाघाटातल्या रांगड्या गड्यांची, आणि तिच्यावर बाबू पैलवान. तिघांचं वैर निजामाशी होतं खरं, पण भांडणं जास्त एकमेकांशी व्हायची. वकिलांची माणसं पैलवानाच्या माणसांना अडाणी म्हणायची, पैलवानाची माणसं त्यांना पोपट म्हणायची, आणि आमचे लोक दोघांच्याही हातचं पाणी पीत नव्हते. दोनदा तर असं झालं की एकाच नाक्यावर दोघांनी वेगवेगळे छापे घातले आणि दोघंही हात हलवत परत आले.

म्हणून कुणीतरी सातारा भागातनं सुभेदाराला आणवलं. दुसऱ्या महायुद्धात तो इटलीत होता. तिथं इंग्रज, अमेरिकन, पोलिश आणि आपले हिंदी, अशा चार देशांच्या फौजा एका हुकमावर कशा चालतात ते आपण डोळ्यांनी बघितलंय, असं तो येताजाता सांगायचा. कुठल्याशा गोऱ्या जनरलच्या तंबूबाहेर उभा असायचा म्हणे. आत काय चालायचं ते त्याला कितपत कळत होतं, देव जाणे. पण आमच्या तीन छावण्यांना तो कायम 'मित्रफौजा' म्हणायचा. पैलवानाच्या माणसांना तो शब्द इतका आवडला की ती एकमेकांना 'ए मित्रफौज, तंबाकू दे' अशी हाक मारायला लागली.

उंच, वाळका आणि ताठ माणूस. मांडी घालून जेवायला बसला तरी पाठ भिंतीला टेकायची नाही. बूट कधी काढायचा नाही, झोपतानासुद्धा. ते बूट करडीच्या तेलात काजळी कालवून पुसायचा, आणि आमच्याकडं तर फोडणीला तेल पुरत नव्हतं. अव्वानं एकदा तेलाचं भांडं लपवून ठेवलं, तर त्यानं ते बरोबर हुडकून काढलं. हसायचा नाही. कुणी काही विचारायला तोंड उघडलं की तळहात पुढं करायचा आणि म्हणायचा, "सवाल नंतर." ते 'नंतर' कधी उगवल्याचं मला आठवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं हुकूम काढला की तिन्ही छावण्यांची चूल एक. चूल अव्वाची. आता आम्ही लिंगायत, तिच्या चुलीवर जन्मात अंडं चढलं नव्हतं, आणि पैलवानाच्या माणसांनी त्याच सकाळी एक बोकड आणून बांधलेला. अव्वा कमरेला पदर खोचून दारात उभी राहिली.

"मातोश्री, फौजेत चूल एकच असते," सुभेदार म्हणाला.

"मग तुमच्या फौजंलाच म्हना भाकरी थापाया," अव्वा म्हणाली, आणि पिठाची परात तिनं त्याच्या बुटापुढं आदळली.

सुभेदारानं परातीकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं आणि दुसरा हुकूम काढला, की मोहीम फत्ते होईपर्यंत तिन्ही छावण्यांत मटण बंद. पैलवानाची माणसं खवळली, पैलवान स्वतः अंगावर धावून गेला, पण सुभेदार जागचा हलला नाही. तो स्वतः खाणारा माणूस, तरी त्यानं पुढं तोंडाला मटण लावलं नाही. पिठलं-भाकरी खाऊन राहिला. हे खरं आहे आणि ते मी लिहिणार. खोटं कशाला बोलू, त्याची निंदा करायला मला खोट्याची गरज नाही.

डोकं होतं त्याला. एका छाप्यात निजामाच्या रायफली हाती लागल्या तेव्हा तिन्ही छावण्या त्यावर तुटून पडल्या. आम्ही आधी शिरलो, आम्ही दार फोडलं, आम्ही वाट दाखवली, असं करता करता गचांडी धरण्यापर्यंत पाळी आली. सुभेदारानं सगळ्या रायफली चिंचेखाली मांडायला लावल्या. एकेक उचलून तिचा बोल्ट काढला. नुसत्या रायफली पैलवानाला दिल्या, बोल्ट अण्णाला दिले आणि काडतुसं वकिलांकडं. म्हणाला, "आता करा भांडण." आम्ही बायका हसून हसून बेजार झालो. त्या दिवसापासून कुणाला बार काढायचा तर तिघांना एकत्र यावं लागायचं. अण्णाला तर तो माणूस त्या दिवशी इतका आवडला की रात्रभर त्याचंच कौतुक. "अव्वा, ह्यो माणूस आपल्याला जितवतोय बग," म्हणत होता.

पण ह्याच माणसाचा हात किती जड होता तेही ऐका. आमच्यातला सिद्राम म्हणून एक गडी होता. त्याची बायको हद्दीपलीकडं बाळंतपणात अडली, असा सांगावा आला. सिद्राम न विचारता गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. बायको वाचली होती, मूल गेलं होतं. सुभेदारानं आमच्या जात्याचा वरचा दगड त्याच्या डोक्यावर ठेवायला लावून त्याला उन्हात उभं केलं. अण्णा मधे पडला. म्हणाला, साहेब, मूल मेलंय त्याचं. सुभेदारानं तळहात पुढं केला. सिद्राम चक्कर येऊन पडेपर्यंत तो त्याच्यासमोर स्वतः ताठ उभा होता, हातातलं घड्याळ बघत. अव्वानं ते जातं पुढं वापरलं नाही, शेजारणीकडं दळायला जायची. त्या दिवसानंतर छावणीत कुणी कशाला नाही म्हणेना. शिस्त आली म्हणतात ती हीच असेल तर लागो तिला आग.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती आणि तिनंच सगळा घात केला. तिन्ही म्होरक्यांना तो कधी एकत्र बसवायचा नाही. एकेकाला बोलवायचा आणि ज्याला त्याला त्याच्यापुरतंच सांगायचा. बाकीचे दोघं कुठं असणार, काय करणार, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. पकडला गेला तर निजामाच्या माराखाली माणूस बोलतो, म्हणून ही खबरदारी. त्यात तथ्य होतं. मोहिमेच्या आधी एका छावणीच्या माणसानं दुसऱ्या छावणीत पाय टाकायचा नाही, जेवायलाही पाळीपाळीनं यायचं, अशी त्यानं तिघांकडनं शपथ घेतली होती. आणि हे सगळं तो समजावून सांगायचा आमच्या चुलीपुढं, कारण तेवढीच जागा सारवलेली. अव्वाच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ मुठीनं घ्यायचा आणि जमिनीवर ओढा, रस्ता, टेकडी काढायचा. कांदा म्हणजे नाका. मिरच्या म्हणजे माणसं. एकाला सांगून झालं की बुटानं पीठ पुसायचा आणि दुसऱ्याला हाक मारायचा. आम्ही मायलेकी तिथंच भाकऱ्या थापत असायचो. बायकांना काय कळतंय, असा त्याचा हिशोब. त्यामुळं छावणीत सगळा बेत ठाऊक असणारी माणसं तीनच होती, एक सुभेदार आणि दोघी आम्ही.

हद्दीवरच्या एका गावात निजामाचा करोडगिरीचा मोठा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्याचा माल तपासून जकात घ्यायची, हे त्याचं काम नावाला. तिथं हत्यारबंद शिपाई भरलेले होते आणि आजूबाजूच्या गावांना त्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं. तो नाका पाडायचं ठरलं. सुभेदारानं दिवस निवडला येळवशीचा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लोहाऱ्या-उमरग्याकडं त्या दिवशी घरात माणूस राहत नाही. सगळं गाव बैलगाड्या जुंपून रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून पुजायचे, ओल्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे आणि ताकातली आंबील खायची, आल्यागेल्याला बोलवून वाढायची. नाक्यावरच्या शिपायांनाही ते जेवण पोचवायची रीत होती, अर्थात ती भीतीपोटी. सुभेदाराला हे कुणीतरी सांगितलं आणि त्यानं त्यातनं बेत बांधला. गाव रिकामं, शिपाई खाऊन सुस्त. अण्णानं दोन गड्यांना घेऊन दिवस मावळताना आंबिलीचं मडकं आणि भज्जी घेऊन सरळ नाक्यात शिरायचं, शेतकरी म्हणून वाढायला बसायचं, रायफलींच्या खोलीला कडी घालून बाहेर पडायचं. त्याची बाकीची माणसं रानात गाड्यांपाशी. वकिलांच्या माणसांनी रस्ता अडवायचा. पैलवानाची माणसं ओढ्यात दडलेली. अण्णा बाहेर पडलेला सुभेदाराला टेकडीवरनं दुर्बिणीतनं दिसणार, मग तो तिथं आग पेटवणार, आणि ती दिसली की पैलवानानं बॉम्ब टाकून नाका उडवायचा. घड्याळावर केलं असतं, पण घड्याळ एकट्या सुभेदाराकडं. म्हणून आग.

हे अण्णाला सांगताना त्यानं पैलवानाचं नाव घेतलं नव्हतं. नुसतं म्हणाला, तू बाहेर आलास की मी आगीचा इशारा देईन, पुढचं बाकीचे बघतील.

अण्णानं पिठाच्या टेकडीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, दिवस लई बेस निवडलाय. पन इशारा आगीचा नगं."

"का?"

"त्या दिशी सांजच्याला शिवारभर हेंडगं पेटत्यात. कडब्याची पेंडी पेटवायची आन आपल्या रानाभवती वरडत पळायचं, अशी आमच्याकडं रीत हाय. जिकडं बगाल तिकडं आगच दिसंल. त्यात तुमची कंची आन शेतकऱ्याची कंची, कसं वळकावं माणसानं?"

"माझी टेकडीवर असेल. शेतकऱ्याची शेतात."

"टेकडीच्या पायथ्याला शेतच हाय की, साहेब. वड्यातनं बगनाऱ्याला दोनी एकच दिसत्यात."

सुभेदाराची मान झटकन वर आली. "ओढ्यात कोण आहे? तुला कुणी सांगितलं ओढ्यात कुणी असणार आहे म्हणून?"

"कुनी सांगाया कशाला पायजेल? नाका मारायचा तर वड्यातनंच..."

तळहात पुढं आला. "सवाल नंतर." आणि बुटानं पीठ, कांदा, मिरच्या सगळं एक केलं.

सुभेदार गेल्यावर अव्वा अण्णाला म्हणाली, "तू जा आन पैलवानाला सांगून ये. त्यास्नी न्हाय ठावं येळवस काय असती ती." खरंच, बालाघाटात येळवस करत नाहीत. अण्णानं नाहीची मान हलवली. "शपथ घेतलीया, अव्वा," म्हणाला. "आन सुभेदार काय खुळा न्हाय. म्या सांगितलंय, आता त्यो पैलवानाला नीट समजावून सांगल." मग पैलवानाची पाळी आली. सुभेदारानं नवं पीठ घेतलं, नवा ओढा काढला आणि म्हणाला, टेकडीच्या बाजूला आग दिसली की बॉम्ब, एक क्षण थांबायचं नाही. हेंडग्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी अव्वाकडं बघितलं, अव्वानं माझ्याकडं. तिनं धीर करून तोंड उघडलं, "सुभेदार, त्यास्नी त्ये..." तर त्यानं आमच्याकडं न बघताच सांगितलं, "मातोश्री, भाकरी करपतेय." अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, सांगंल की त्यो, ऐन वक्ताला सांगंल.

आंबील अव्वानंच केली. पहाटेपासून राबून ताक घुसळलं, ज्वारीचं पीठ कालवलं, जिरं-लसणाचा ठेचा घातला. निजामाच्या शिपायांसाठी कशाला एवढी चांगली करतेस, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "लेक वाढनार हाय माजा. त्येच्या हातनं वंगाळ कशापायी जावं?" अण्णाबरोबर गुंडू आणि मलकाप्पा, दोघंही आमच्याच गावचे. मडकं डोक्यावर घेऊन तिघं थट्टा करत गेले.

पुढचं नाक्यावरच्या पाणक्यानं नंतर सांगितलं, तो वाचला होता. तिघं आत आले, पंगत बसली. अण्णा डावानं आंबील वाढत होता. गुंडू अजून कडीपाशी पोचायचा होता. दिवस बुडाला आणि टेकडीखालच्या रानात कुणा शेतकऱ्यानं, वर्षाच्या सणाला पेटवायचा तसा, हेंडगा पेटवला. ओढ्यातनं पैलवानानं ती आग बघितली. हुकूम होता, एक क्षण थांबायचं नाही. तो थांबला नाही.

नाका पडला. लोक नाचले. आमचे तिघं त्याच ढिगाऱ्यात होते. आपल्याच माणसांच्या बॉम्बनं गेले.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आमच्या दारात आला. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. तो ताठ उभा राहिला, सलाम केला आणि म्हणाला, "मातोश्री, तुमचा लेक शूर होता. त्याच्या माणसांनी रानात सणाच्या नादात आग लावली, इशारा चुकला. लढाईत असं होतं." असं तो बोलला! ज्यानं चुलीपुढं बसून त्याला सावध केलं होतं त्याच्याच माथ्यावर खापर फोडून, वर सलाम ठोकून गेला. मी अंगावर धावून जाणार होते, मावशीनं मला कवळ्यात धरून ठेवलं.

तिन्ही छावण्यांत तेच पसरलं. गाड्यांपाशी थांबलेली अण्णाची माणसं गळ्याची आण घेऊन सांगत होती, आम्ही पेंडीला हात लावला नाही. कोण ऐकतो? आम्ही दोघी सांगायला गेलो तर नाना वकील म्हणाले, "ताई, दुःखात माणसाला काहीबाही आठवतं." बायकांचं चुलीपुढचं बोलणं एकीकडं आणि इटलीत लढलेला सुभेदार दुसरीकडं. पैलवानानं तर आमच्याकडं बघायचंच सोडलं. आपल्याला लोहारेकरांनी फसवून पाप करायला लावलं, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

हे तिथंच संपलं असतं तरी सोसलं असतं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण गेला, आम्ही गावी परत आलो. आणि गावात गुंडूची आई अन् मलकाप्पाची अव्वा. एकाच आळीत आमची घरं. गुंडूच्या आईनं अव्वाला आडावर सगळ्यांदेखत सांगितलं, "तुज्या लेकाच्या माणसांनी हेंडगा खेळला आन माजा लेक खाल्ला." अव्वा भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आली. नंतर आमच्या दुकानात कुणी यायचं नाही, हळदीकुंकवाला बोलावणं यायचं नाही. गावात हुतात्म्यांची पूजा झाली तेव्हा दोन फोटोंना हार घातले, अण्णाचा फोटो लावलाच नाही. अव्वाला लेक गेल्यापेक्षा लेकाचं नाव गेलं ते जास्त जाळत होतं. रात्रंदिवस एकच, "त्या सुभेदारानं एकदा खरं बोलावं. गुंडूच्या आईम्होरं एकदा बोलावं. मग मी मेले तरी चालंल."

आणि तो आला. तहसिलीच्या मैदानात त्याचा सत्कार ठेवला होता. मांडव, पताका, लाऊडस्पीकर. नाना वकील अध्यक्ष, शेजारी बाबू पैलवान फेटा बांधून. अव्वा म्हणाली, चल. गुंडूची आई आणि मलकाप्पाची अव्वाही आल्या होत्या, त्यांना हुतात्म्यांच्या आया म्हणून बोलावणं होतं. आम्हाला नव्हतं. आम्ही मागं बायकांत बसलो.

सुभेदार बोलायला उठला. तीन छावण्या, मित्रफौजा, इटली, सगळं झालं. मग नाक्याची कहाणी, आणि तीत ते वाक्य, "काही स्थानिकांच्या दुर्दैवी घाईमुळं तीन वीर गमावले." अव्वा उठली. ती कधी चार माणसांत बोललेली बाई नाही. चालत पार मांडवाच्या पुढं गेली, मीही मागोमाग. तिथं वर बघून म्हणाली, "सुभेदार, माज्या लेकानं तुमाला सांगितलं हुतं का न्हाय? येळवशीला हेंडगं पेटत्यात, आगीचा इशारा नगं, म्हनून सांगितलं हुतं का न्हाय? माज्या चुलीम्होरं बसून सांगितलं हुतं. म्या भाकरी थापत हुते. बोला."

वकील लगबगीनं म्हणाले, "मातोश्री, बसा, बसा, आपण नंतर..." पण पैलवान शेजारच्याकडं वळून विचारत होता, "हेंडगं म्हंजी काय?" शेजारचा लोहाऱ्याचाच होता, त्यानं सांगितलं. ते ऐकताना पैलवानाचा चेहरा कसा होत गेला ते मी अव्वाच्या मागनं बघितलं. एवढा डोंगराएवढा गडी, पण उठायला त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"सुभेदार," तो म्हणाला, "शिवलिंगानं आदी सांगितलं हुतं तुमाला?"

सुभेदारानं नजर वळवली.

"मग मला का न्हाय सांगितलं? एक शबूद टाकला असता. म्या वाट बगितली असती. दोन आगी दिसूस्तवर थांबलो असतो, कायबी केलं असतं. माज्या हातनं गेला की वो त्यो! तुमी मला म्हनला, लोहारेकरांनी लावली. तवाधरनं मी ह्या बाईला शिव्या घालतुया."

सुभेदारानं काय करावं? घड्याळाकडं बघितलं. देवाशपथ सांगते, मनगट वर करून घड्याळाकडं बघितलं, आणि टोपी उचलून मागच्या पायऱ्यांनी खाली उतरला. पैलवान पुढनं उतरला आणि अव्वाच्या समोर मातीत बसून लहान पोरासारखा रडला. अव्वानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती मोठ्या मनाची होती. मी नाही.

मांडवाबाहेर जीप उभी होती, ड्रायव्हर जेवायला गेलेला. सुभेदार एकटाच आत बसला, समोर बघत. पलीकडं कडुलिंबाखाली गुंडूची आई आणि मलकाप्पाची अव्वा उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण काय करावं ते त्यांना सुधरत नव्हतं. इतके दिवस ज्या बाईला वाळीत टाकलं तिच्याकडं कसं जावं?

अव्वा जीपपाशी गेली. मी तिच्या मागं. मला वाटलं, आता ही थोबाडीत देते. सुभेदारानं टोपी काढली. पहिल्यांदाच त्याची पाठ वाकलेली दिसली. अगदी हळू, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मातोश्री, त्यानं सांगितलं होतं. चूक माझी आहे."

अव्वा म्हणाली, "मला काय सांगता? मला ठावं हाय." आणि लिंबाकडं बोट केलं. "त्यास्नी सांगा. त्येंची बी लेकरं गेल्यात. जावा, उतरा आन सांगा."

त्यानं त्या दोघींकडं बघितलं. हात जीपच्या दांडीवर गेला, क्षणभर मला वाटलं उतरतोय. दोघीही तिथनं त्याच्याकडंच बघत होत्या. मग ड्रायव्हर पानाची पिंक टाकत आला, आणि सुभेदारानं टोपी डोक्यावर चढवली. "चलो," म्हणाला.

अव्वा तिथं थांबली नाही. वळून सरळ लिंबाखाली गेली आणि गुंडूच्या आईचा हात धरून खाली बसली. मी रस्त्यातच उभी राहिले. जीप धाराशिवच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या घालत होते, मराठीत, कानडीत, मोठमोठ्यानं. नाना वकील धावत आले, म्हणाले, "ताई, शोभत नाही." मी त्यांनाही दोन घातल्या.